पंख्यावरची पांढरी पूड

त्याला सगळे इंजिनियर म्हणायचे. खरा इंजिनियर तो नव्हताच. ओट्यांचे दगड कापणारा कारागीर होता. पण कारखान्यात कुणाचा फोन बंद पडो, कुणाच्या घरचा टीव्ही रुसून बसो, माणूस यायचा तो त्याच्याकडेच, आणि तोही जेवणाचा डबा बाजूला सारून खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढायचा. "कॉलेजची पायरी चढला नाहीस तेच बरं," त्याची आई म्हणायची. "चढला असतास तर पायरीसुद्धा उचकटून आत काय आहे ते बघितलं असतंस."

त्याची बायको घरी बसून स्वयंपाकघरांची चित्रं करायची. एखाद्याला नवं स्वयंपाकघर करून घ्यायचं असलं की ते झाल्यावर कसं दिसेल, ओटा कुठे, कपाटं कुठे, खिडकीतून ऊन कुठवर येईल, हे सगळं ती कॉम्प्युटरवर हुबेहूब उभं करून दाखवायची. काम नवऱ्याच्या मालकाकडूनच यायचं. गिऱ्हाइकाने तिचं चित्र बघायचं, त्यातला पांढराशुभ्र ओटा पसंत करायचा, आणि मग तोच ओटा तिच्या नवऱ्याने मोठ्या दगडातून कापून काढायचा. "तू स्वप्नं दाखव," तो म्हणायचा, "त्यांचे तुकडे करायला मी आहे."

तिचा जुना कॉम्प्युटर म्हणजे नुसता ताप होता. चित्र पक्कं करायला लावलं की अर्ध्यावर मान टाकायचा. शेवटी इंजिनियरने ठरवलं, विकतचा नको, आपणच बांधू. सुटे भाग जमवत जमवत त्याने एका रविवारी जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. आईच्या हातात बॅटरी दिली, बायकोच्या हातात स्क्रूंची वाटी. संध्याकाळपर्यंत कॉम्प्युटरचा डबा उभा राहिला. बटण दाबलं, काही झालं नाही. एक वायर राहिली होती. ती लावली, पुन्हा बटण दाबलं, आणि आतले पंखे एकदम गरगरायला लागले.

"एवढा खटाटोप करून शेवटी पंखाच फिरवलास?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, पंख्यावरच तर सगळं आहे," तो म्हणाला, आणि बायकोला शेजारी बसवून त्याने समजावून सांगितलं. चित्र पक्कं करताना प्रोसेसर तव्यासारखा तापतो. पुढचे दोन पंखे बाहेरची गार हवा आत ओढतात, मागचा पंखा गरम हवा बाहेर टाकतो, आणि एक पंखा थेट प्रोसेसरच्या डोक्यावर. पडद्याच्या कोपऱ्यात त्याने एक छोटी चौकट लावून दिली. तिच्यात प्रत्येक पंख्याचे मिनिटाला होणारे फेरे दिसायचे, खाली तापमान.

"हजाराच्या आसपास असला की निर्धास्त राहायचं. काम जोरात चाललं की दीड हजार. दोन हजारांच्या वर जाऊन तिथेच ठाण मांडलं तर समज, हवा कुठेतरी अडतेय. आणि शून्य दिसलं तर हातातलं टाकून आधी बंद कर."

"आणि तुला फोन करू?"

"मला कशाला? मी मशीनवर असतो. तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, फोन कसला ऐकू येणार?"

तिला सवय झाली. गॅसवर दूध ठेवलेली बाई बोलता बोलता जसा त्याच्यावर डोळा ठेवते, तसा तिचा डोळा त्या चौकटीवर असायचा.

काही महिने मजेत गेले. मग आकडे हळूहळू वर सरकायला लागले. काम तेच, खोली तीच, पण जे चित्र पूर्वी दीड हजारात व्हायचं त्याला आता अठराशे लागायचे. पुढे एका पंख्याचे फेरे वाढायच्या ऐवजी कमी व्हायला लागले आणि त्यातून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. तिने रविवारी त्याला बसवलं. "बघ बाबा तुझ्या लेकराला काय झालंय ते."

त्याने बाजूचा पत्रा उघडला. तिला वाटलं होतं आत कापसासारखी घरातली धूळ असेल, केस असतील. तसं काही नव्हतं. पंख्याच्या पात्यांच्या कडांवर पांढरी, पिठासारखी बारीक पूड बसली होती. प्रोसेसरवरच्या धातूच्या फटींमध्ये ती दमट हवेने घट्ट होऊन भिंतीच्या पुट्टीसारखी चिकटली होती. त्याने ती चिमटीत घेऊन चोळून पाहिली.

"काय आहे रे?"

"दगडाची आहे."

"इथे? घरात?"

"कपड्यांतून येत असेल."

ते खरंच होतं. डबा दाराशेजारच्या टेबलाखाली होता. कामावरून आला की तो तिथेच खुर्चीत बसून बूट काढायचा, शर्ट झटकून खुंटीला टांगायचा. पंखे समोरची हवा ओढायचे आणि हवेत जे असेल ते आत जायचं. त्याने पंख्यांच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, खुंटी उचकटून बाहेरच्या गॅलरीत लावली. सासूबाई बघत होत्या.

"मशीनच्या तोंडाला फडकं बांधलंस. आता स्वतःच्या तोंडालाही बांध की."

"आई, आम्ही पाण्याखाली कापतो. धूळ उडतच नाही."

"मग ही काय आभाळातून पडली?"

तो हसला. तीही हसली. त्या हसण्याचा पुढे तिला फार राग आला, पण तेव्हा दोघांनाही ती गंमतच वाटली होती.

त्यानंतर दर आठवड्याला जाळी साफ करणं हे त्याचं व्रतच झालं. जाळी काढायची, नळाखाली धुवायची, पात्यांवरून मऊ ब्रश फिरवायचा, उरलेलं फुंकरीने उडवायचं. मग तो तिला विचारायचा, "किती आला?" आणि ती पडद्यावरचा आकडा वाचून दाखवायची. आकडा खाली आलेला ऐकला की त्याचा चेहरा खुलायचा. कामावरून आल्या आल्या दुसरं काही विचारायच्या आत तो विचारायचा, "आज पंखे कसे होते?" आणि तिला वाटायचं, किती लक्ष आहे माझ्या कामात!

कमरेच्या पट्ट्याला त्याने आणखी आत नवं भोक पाडलं तेव्हा तिने चेष्टा केली. खोकला लागला तेव्हा गल्लीतल्या डॉक्टरने आधी औषध दिलं, मग ओढायचा पंप दिला, मग क्षय असेल म्हणून त्याच्या गोळ्या सुरू केल्या. खोकला जायचं नाव घेईना. एका रविवारी जाळी धुऊन झाली, ब्रश फिरवून झाला, आणि नेहमीप्रमाणे त्याने पात्यावर फुंकर मारली. फुंकर पात्यापर्यंत पोचलीच नाही. त्याने पुन्हा छाती भरून घेतली, आणि त्याला जी उबळ आली ती थांबेचना. हातात स्क्रू-ड्रायव्हर तसाच धरून तो फरशीवर बसला. ओठ निळसर झाले होते. सासूबाई पाणी घेऊन धावल्या. बायकोने त्याच्या पाठीवर हात ठेवला तर शर्टाखाली बरगड्या मोजता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याला मोठ्या इस्पितळात घेऊन गेली.

छातीच्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "काम काय करता?"

"ओट्याचे दगड बसवतो."

"बसवता, की कापता?"

"कापतोही. पण पाण्याखाली. धूळ नसतेच."

तो हे इतक्या सहज बोलला की डॉक्टर लिहायलाही लागल्या. बायको शेजारच्या खुर्चीत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या पेनाकडे.

"डॉक्टर," ती म्हणाली, "आमच्याकडे घरी एक कॉम्प्युटर आहे."

"ते कशाला सांगतेस?" तो पटकन म्हणाला.

"यांनीच बांधलाय. त्याचे पंखे जाम होतात. दगडाच्या पांढऱ्या पुडीने. यांच्या कपड्यांवरून येते ती. जाळी बसवली तरी दर आठवड्याला काढून धुवावी लागते, नाहीतर पंख्यांचे फेरे लगेच वर जातात. मी रोज बघते ना आकडे, म्हणून सांगते."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "घरातल्या पंख्यात? नुसत्या कपड्यांवरून आलेली?"

"हो."

डॉक्टर त्याच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. "मी तुमच्या मालकाची माणूस नाही. खरं सांगा."

तो स्वतःच्या नखांकडे बघत सांगू लागला.  मोठ्या यंत्रावर पाणी असतं. पण ओट्याच्या कडा गोल करायच्या, भांडी घासायच्या सिंकसाठी भोक पाडायचं, ते सगळं हातातल्या ग्राइंडरने, कोरडंच. पाणी घेतलं तर चिखल होतो, वेळ जातो, मालक ओरडतो. ऐन कामात तर समोरच्याचा चेहरा दिसत नाही इतकं पांढरं होतं. मास्क कागदाचा मिळतो. घामाने भिजला की गळ्यात लोंबत राहतो. बाहेरून कुणी विचारायला आलं तर पाण्याखाली कापतो म्हणून सांगायचं, हे सगळ्यांना पढवलेलं.

मग दुसऱ्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं. रोगाचं नाव सिलिकोसिस. हा भुकटी दाबून कारखान्यात बनवलेला दगड डोंगरातल्या दगडापेक्षा वाईट, त्याची पूड अतिशय बारीक असते, ती फुप्फुसात रुतून बसते आणि तिच्याभोवती जखमेचे वण धरत जातात. वण पडलेली जागा पुन्हा फुप्फुस होत नाही. काम आजपासून बंद करायचं. "काम सोडल्यावर काहींचं तिथेच थांबतं," त्या म्हणाल्या. "काहींचं नाही थांबत."

इस्पितळाच्या पायऱ्यांवर आल्यावर तो तिच्यावर उखडला. "तुला काय गरज होती मध्ये तोंड घालायची?"

"तू खोटं बोलत होतास."

"त्या खोट्यावर घर चालत होतं. आता कागदावर आलं. मालकाच्या कानावर गेलं की संपलं सगळं."

"आणि तू संपलास तर? पंख्यांसाठी रविवारच्या रविवार घातलेस, जाळ्या काय बसवल्यास, फेरे काय विचारलेस! त्यातलं एकदा तरी स्वतःकडे बघितलंस?"

तो कठड्याला टेकला. त्याला दम लागला होता. मग म्हणाला, "पंखा बदलता येतो गं. म्हणून त्याच्याकडे बघवतं."

 "म्हणजे तुला माहीत होतं?"

"आमच्यातला पॉलिशवाला गेल्या साली रक्त थुंकला. सगळ्यांनीच बघितलं. फरशी आम्हीच धुतली." मग तो म्हणाला, "माहीत असणं आणि मानणं एक नसतं."

 घरी परतल्यावर लिफ्टकडे जाताना त्याने आपणहून तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तिने तो तसाच राहू दिला.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटर लावला. अर्धवट राहिलेलं चित्र समोर आलं. मोठं स्वयंपाकघर, मध्ये लांबलचक पांढरा ओटा, गिऱ्हाइकाच्या हट्टाप्रमाणे चारी कोपरे गोल केलेले. गोल कोपरा चांगला दिसतो असं तिनेच सुचवलं होतं. आपण एक कोपरा गोल करतो म्हणजे तिकडे कुणीतरी तो तासन्‌तास कोरडा घासतो, हे इतकी वर्षं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिने मालकाला फोन केला आणि यापुढे हे काम आपल्याकडून होणार नाही असं सांगितलं.

"वहिनी, तुमच्या डोक्यात कुणीतरी काहीतरी भरवलंय," मालक म्हणाला. आवाजात कळवळा होता, तो खोटाही वाटत नव्हता. "दगडाने कुठे माणूस मरतो का? माझे वडील जन्मभर दगडातच होते."

"तुमच्या वडिलांचा दगड डोंगरातला होता. हा कारखान्यातला आहे. एक दिवस तुम्ही स्वतः ग्राइंडर धरून बघा, मास्क गळ्यात लटकवून."

त्याने फोन ठेवून दिला. तिने एका सुताराकडचं काम धरलं, कपाटांची आणि दारांची चित्रं. पूर्वीच्या मानाने ते कमीच होतं, पण हात रिकामा राहिला नाही.

इंजिनियरला घरी चैन पडेना. एक दिवस तो घरी कुणाला न सांगता बाकीच्यांना सावध करायला कारखान्यात गेला. परत आला तो चेहरा पाडून. "कुणी मान वर केली नाही," तो म्हणाला. "मालक समोर उभा होता. पॉलिशवाला तेवढा फाटकापर्यंत आला. म्हणाला, इंजिनियर, तू सांगतोस ते खरं आहे, पण माझ्या घरी मिळवणारं दुसरं कोण आहे ते पण सांग. मी काय सांगणार?"

मात्र काही दिवसांनी कारखान्यातला ओटे बसवणारा एक फिटर घरी आला. "फोन बिघडलाय, जरा बघतोस का?" इंजिनियरने फोन उघडून पाहिला, त्याला काहीच झालं नव्हतं. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि दाराशी चप्पल घालता घालता फिटरने हळूच विचारलं, "तुला सुरुवातीला कसं व्हायचं रे? म्हणजे जिना चढताना वगैरे?" मग दुसरा आला, त्याचाही फोन धडधाकट. मग पॉलिशवाला आला. त्याने बहाणा केला नाही. दारातूनच म्हणाला, "वहिनी, त्या डॉक्टरबाई कुठे बसतात?"

तीच सगळ्यांना घेऊन गेली. बाकावर ओळीने बसलेले ते आडदांड गडी डॉक्टरांच्या दाराकडे असे बघत होते, की जणू शाळेत निकाल लागायचा आहे. निकाल वाईट लागला. त्यांतल्या थोड्याच जणांची छाती स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी सरकारी खात्याला कळवलं, तपासणीला माणसं आली, कारखान्याला कुलूप लागलं. लोकांना वाटलं, न्याय झाला. पावसाळा सरायच्या आत मालकाने गावाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या नावाने पाटी लावली आणि नवी, तरणी पोरं कामाला घेतली. इंजिनियरला हे कळलं तेव्हा तो फक्त एवढंच म्हणाला, "त्यांना कुणी सांगितलंय का?" पॉलिशवाला म्हणाला, "सांगून आलो. हसले माझ्यावर."

इंजिनियरचं थांबणाऱ्यांतलं नव्हतं. आधी नाकाला ऑक्सिजनची नळी लागली, मग ती कायमची झाली. तो दिवसभर बायकोच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसायचा. ती काम करायची, तो कोपऱ्यातली चौकट बघायचा. "सोळाशे," मध्येच म्हणायचा. "चित्र लहान कर थोडं." किंवा, "मागचा पंखा डुगडुगतोय बघ, आकडा स्थिर नाही." एका दुपारी मागचा पंखा बंदच पडला. त्याला आता खाली वाकता येत नव्हतं. त्याने खुर्चीतूनच शब्दाशब्दाने सांगितलं आणि तिने चारी स्क्रू काढून नवा पंखा बसवला. पंख्यावरचा हवेच्या दिशेचा बाण उलटा आला होता, हवा बाहेर जायच्या ऐवजी आत येत होती. त्याने कागदाचा कपटा धरायला लावून ते तिला ओळखायला शिकवलं. तिने पंखा फिरवून पुन्हा बसवला.

"किती?" त्याने विचारलं.

"अकराशे."

"छान." श्वास घ्यायला तो थांबला. "आता तू इंजिनियर."

तिला रडू आवरेना, तशी ती स्वयंपाकघरात निघून गेली. सासूबाई तिथेच उभ्या होत्या, पाठमोऱ्या, नळ सोडून. त्या नळाखाली काहीच नव्हतं.

थंडीत तो गेला, सकाळच्या उन्हात, खुर्चीतच. आईने केस सारखे करायला कंगवा आणला होता, तो तिच्या हातातच राहिला.

बातमी कळताच कारखान्यातले सगळे घरच्यांना घेऊन आले. नवीन ठिकाणी लागलेलेही आले, रजा टाकून. घर चौथ्या मजल्यावर, आणि जिना अरुंद. लिफ्ट होती, पण तिच्यात आडवा माणूस मावत नव्हता. त्याच्यासोबतच्या कारागिरांनीच त्याला खाली न्यायचं ठरवलं. नातेवाइकांना त्यांनी हातच लावू दिला नाही. "तो आमचा इंजिनियर," पॉलिशवाला म्हणाला, आणि पुढची बाजू त्याने स्वतः धरली.

पहिल्या वळणावर ते थांबले. फिटरच्या कपाळावर घाम होता.  पुन्हा उचललं, अर्धा जिना उतरले आणि पॉलिशवाल्याला खोकल्याची उबळ आली. ओझं पायरीवर टेकवून तो भिंतीला डोकं लावून उभा राहिला. मागचे दोघंही धापा टाकत होते. इंजिनियर काही जड नव्हता. त्याचं वजन किती उरलं होतं ते त्याच्या बायकोला ठाऊक होतं. तिने त्या गड्यांकडे एकेक करून पाहिलं. मोठमोठे दगड खांद्यावर वाहणारी ती माणसं एकमेकांची नजर चुकवत उभी होती, जिन्यात त्यांच्या श्वासांचा आवाज भरला होता, आणि खाली जायला अजून बराच जिना बाकी होता.

वरून सासूबाई खाली आल्या. त्यांनी पदर खोचला. "बाजूला व्हा रे बाळांनो," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा जरा." मग सुनेला म्हणाल्या, "तू पुढून धर."

पॉलिशवाल्याची बायको मागच्या बाजूला आली, फिटरची आई तिच्या जोडीला. चौघींनी त्याला उचललं आणि न थांबता खाली नेलं. कारागीर पाठोपाठ उतरत राहिले, कठड्याला धरून, एकेक पायरी.